इंगवले सरांची शांती

अन्वयजींचं हसू पहिल्या भेटीतच वृषालीच्या डोक्यात गेलं. माणूस हसतो तेव्हा कशाला तरी हसतो. हे गृहस्थ कशालाच हसत नव्हते. सकाळी तोंड धुतल्यावर क्रीम फासावं तसं त्यांनी ते हसू फासलेलं असे, आणि ओपीडी संपेपर्यंत ते उतरत नसे. अंगात फिकट खादीचा झब्बा, गळ्यात रुद्राक्षाचा एकच मणी, पायात काही नाही. कर्करोग रुग्णालयाच्या फरशीवर अनवाणी हिंडणारा तो एकटाच माणूस होता आणि त्याला तो साधना म्हणत असे. आधी महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टमध्ये ते पाहुण्यांच्या स्वागताला उभे असायचे, हे तिला वॉर्डातल्या नर्सकडून आधीच कळलं होतं. नवल अजिबात वाटलं नाही.

"ताई, आपण रोगाशी लढत नसतो," ते म्हणाले, "आपण रोगाचं स्वागत करतो."

"सवय आहे वाटतं तुम्हाला," वृषाली म्हणाली.

शेजारी बसलेले तिचे यजमान रणजित इंगवले मात्र हसले नाहीत. त्यांचं हसणं मूत्रपिंडातला कर्करोग हाडांत उतरला तेव्हाच थांबलं होतं.

इंगवले सर म्हणजे कोल्हापुरातल्या शाळेत खेळाचे शिक्षक, आणि त्याहून जास्त फुटबॉलचे पंच. उभ्या हयातीत त्यांनी एकही फाऊल पोटात घातला नाही. नगरसेवकाच्या पोराला लाल कार्ड दाखवल्याबद्दल त्यांची मोटरसायकल जाळली गेली, तर दुसऱ्या दिवशी रिक्षाने मैदानावर जाऊन त्यांनी त्याच्या भावालाही बाहेर काढलं. पुढे मैदानाभोवती कॅमेरे आले, ऑफसाइड आहे की नाही ते यंत्र ठरवू लागलं, तेव्हा सर निवृत्त झाले आणि घरी बसून त्या यंत्राशी भांडू लागले. घरीही शिट्टी चालूच असायची. भाजीत मीठ, गॅसवाल्याचा उशीर, शेजाऱ्याच्या गाडीचं चाक, कशावरूनही. वृषाली कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. प्रयोगाची निरीक्षणं घरी बसून लिहिणाऱ्या पोरांची जर्नल्स खिडकीबाहेर फेकण्याबद्दल तिची ख्याती होती, त्यामुळे संसार बरोबरीचा झाला. दोघं रोज भांडली आणि कुणी कुणाला कंटाळलं नाही.

वॉर्डात आल्यावर सरांचा राग अधिकच वाढला. नर्सनं शीर चुकवली की ते ओरडायचे, जेवणाचं ताट परत पाठवायचे. पण वृषालीला ठाऊक होतं, हा राग नव्हे. स्कॅनचा निकाल यायचा असला की ते पलंगाच्या काठाला बसून तिचं मनगट धरायचे, आणि सोडल्यावर तिथं बोटांचे वळ दिसायचे. शेजारच्या पलंगावरचे सुतार काका एका दुपारी बोलता बोलता गेले. पडदा ओढला गेला. सर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या अनवाण्याला बोलाव. काय लावायचं ते लावू दे."

त्यांनी स्वतः होकार दिला, हे खरं. पण बुडणाऱ्यानं दिलेला होकार होता तो.

अन्वयजींच्या खोलीतलं ते शांतीचं यंत्र खोटं नव्हतं. वृषालीला तेच अधिक खुपत होतं. भोंदूगिरी असती तर तिनं एका दिवसात तिची पिसं काढली असती. तिनं त्यावरचे सगळे शोधनिबंध काढून वाचले. आपल्या मेंदूत 'मी' नावाची कुठली खोली नाही. मेंदूचे काही भाग रिकाम्या वेळी एकमेकांशी बोलत असतात: काल मला काय म्हणाले, उद्या माझं काय होईल, मी गेल्यावर काय. या अखंड बडबडीलाच आपण 'मी' म्हणतो. भिंगानं उन्हाचे किरण एका बिंदूवर गोळा करावेत तशा कवटीवर बसवलेल्या शेकडो चकत्यांतून ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लाटा मेंदूत खोलवर एका ठिपक्यावर आणता येतात. वाटेत कुठं काही भाजत नाही, कापत नाही. त्या ठिपक्यावरच्या पेशी मात्र सुस्त होतात, त्यांची आपसांतली बोलणी तुटतात, आणि 'मी'ची बडबड थांबते. माणसाला मरणाची भीती उरत नाही, कारण कोण मरणार हेच नीट आठवत नाही. परिणाम तीन-चार आठवडे टिकतो, मग पुन्हा यंत्राखाली बसायचं.

साधूंना हिमालयात आयुष्य घालवून मिळायचं ते आता जेवणाच्या सुट्टीआधी मिळत होतं. त्या काळात रुग्णांना आध्यात्मिक आधार देणं मोठ्या कर्करोग रुग्णालयांना सक्तीचं झालं होतं, आणि आधार देण्यापेक्षा यंत्र घेणं सोपं होतं. ट्रस्टनं त्याला 'प्रशांती' नाव दिलं, खोलीत तानपुरा लावला, आणि दारात अन्वयजींना उभं केलं.

सर आत गेले तेव्हा दारवानाशी भांडत गेले. बाहेर आले ते हात जोडून. त्यांनी दारवानाला नमस्कार केला, मग पाण्याच्या यंत्राला केला, मग वृषालीला.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"छान आहे सगळं," सर म्हणाले. "तू पण छान आहेस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. ऐकायची कधी हौसही नव्हती.

सगळ्या वॉर्डाला मात्र सणासुदीचा आनंद झाला. नर्स म्हणाल्या, किती गोड पेशंट! ताट येईल ते संपायचं. शीर चुकली तर सर म्हणायचे, "असू दे बाळ, आणखी एकदा टोच." राउंडला येणारे डॉक्टर दोन मिनिटांत पुढच्या पलंगाकडे जाऊ लागले, कारण काही विचारणारं कुणी नव्हतं. सगळा वॉर्डच तसा झाला होता. ओळीनं माणसं पडलेली, चेहऱ्यावर एकसारखं तेज, कुणाची तक्रार नाही. ट्रस्टचे लोक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि दारातूनच कुजबुजत दाखवायचे. वृषालीला वाटायचं, शोकेस आहे ही. आतल्या माणसांचा गर काढून टाकलाय आणि सालं हारीनं मांडून ठेवलीत.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो केतकीला.

केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी, बंगळूरला असायची. सरांनी तिला लहानपणापासून गोलकीपर म्हणून घडवलं होतं. राज्य स्पर्धेत सरांनीच उतरवलेल्या संघाच्या अंतिम सामन्याला ती मैदानावर आलीच नाही. नोकरीच्या मुलाखतीला निघून गेली. सरांनी त्यावर एक शब्दही काढला नाही, आणि पुढंही बारा-तेरा वर्षं काढला नाही. फोनवर "आईला देतो" एवढंच. आता त्याच बापानं स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाला, "पोरी, मी तुला माफ केलं. सुखात राहा." केतकी ढसाढसा रडली.

ती धावत कोल्हापूरला आली. बापाच्या उशाशी बसून तिनं त्यांचा हात गालाला लावला, आणि सर तिच्याकडे पाहून मंद हसत राहिले. तसेच ते सलाईनच्या स्टँडकडे पाहूनही हसत होते. हे वृषालीच्या लक्षात आलं, केतकीच्या आलं नाही.

"आई, बाबा किती बदललेत!"

"बदललेले नाहीत. गेलेत," वृषाली म्हणाली. "तुला कुणी माफबीफ केलेलं नाही. त्या जागी भिंत असती आणि तिला बोलता आलं असतं, तर तीही हेच बोलली असती."

"तुला बघवत नाही का गं? कुणी प्रेमानं बोललेलं?"

पोरगी भुकेली होती, तिच्या पुढ्यातलं ताट काढून घेणं तिच्या जिवावर आलं. म्हणून ती गप्प बसली. आणखी एकदा सर यंत्राखाली जाऊन आले तरी गप्प बसली.

मग चप्पल सुटली.

सर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. वृषाली मागून डबा घेऊन येत होती. तिनं पाहिलं, त्यांच्या उजव्या पायातली चप्पल मागं राहिली आणि सर तसेच पुढं गेले. थांबले नाहीत, खाली पाहिलं नाही. तिनं चप्पल उचलली, पुढं होऊन त्यांच्या तळव्याला नख लावलं.

"लागतंय का?"

"काय?"

"मी नख मारलंय तुमच्या पायाला."

"हो का?" सर आनंदानं म्हणाले.

अन्वयजी तिथंच कुणाला तरी उपदेश करत होते. तिनं त्यांना हाक मारून सांगितलं, यांना पाय कळत नाहीत. अन्वयजींनी डोळे मिटले, मान डोलावली.

"ताई, देहभान सुटतंय त्यांचं. फार वरची पायरी आहे ही. भल्याभल्यांना मिळत नाही. आपण दृष्ट लावू नये."

वृषालीला पहिल्यांदा नीट कळलं की हा माणूस लबाड नाही. लबाड असता तर घाबरला तरी असता. हा खरोखरच तेवढा मूर्ख होता, आणि त्याच्या हाती पन्नास पलंग होते. हातातली चप्पल तिनं त्याच्या थोबाडावर मारली नाही, कारण त्यात वेळ गेला असता. ती थेट डॉ. मुजावरांच्या खोलीत घुसली.

डॉ. निशाद मुजावर सरांवर उपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ. माणूस भला, पण कायम थकलेला. प्रशांती आल्यापासून त्यांनाही दुपारचं जेवण वेळेवर मिळू लागलं होतं. पण तिचं बोलणं ऐकताच ते खुर्चीतून उठले. तासाभरात सर एमआरआयच्या बोगद्यात होते. मणक्यात वाढलेली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. पाय जात चालले होते.

"सर, पाठ दुखत नव्हती?" मुजावरांनी विचारलं. "याच्यात माणूस किंचाळतो हो."

"दुखत होती की. लई दुखत होती."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

सरांनी विचार केला. "तिचं ती दुखत होती," ते म्हणाले. "मला काही त्रास नव्हता."

केतकीनं तोंडावर हात घेतला. तिच्याकडे पाहावंसं वृषालीला वाटलं नाही.

त्याच दिवशी किरणोपचार सुरू झाले, सूज उतरवणारी औषधं दिली. थोडं वाचलं, बरंचसं गेलं. सर चाकाच्या खुर्चीत आले आणि खुर्चीलाही छान म्हणाले. आता प्रश्न शस्त्रक्रियेचा होता. पट्टा बांधून काही आठवडे निभावण्यासारखं होतं, पण पुढं मणक्याला सळ्यांचा आधार दिला तर कदाचित चार पावलं चालता आलं असतं. कदाचित टेबलावरच रक्तस्राव होऊन संपलं असतं. हे रुग्णानं ठरवायचं असतं. त्यातच प्रशांतीची पुढची पाळी आली. वृषालीनं हरकत घेतली, अन्वयजींनी रुग्णाच्या होकारावर बोट ठेवलं, आणि प्रकरण रुग्णालयाच्या नैतिक समितीपुढं गेलं.

लांब टेबल, फुलदाणी, पाच-सहा गंभीर चेहरे. अध्यक्षस्थानी ट्रस्टी बाई. वृषालीनं असली टेबलं परीक्षा मंडळावर पुष्कळ पाहिली होती. ज्यांना उत्तर माहीत नसतं ते अशा टेबलामागं बसतात, असं तिचं मत होतं.

"मिसेस इंगवले," बाई म्हणाल्या, "पेशंट पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांना शांती हवीय. तुम्हाला ती नकोय. यात आम्ही काय करायचं?"

"मी यांना दोन-चार प्रश्न विचारते. तुम्ही ऐका," वृषाली म्हणाली आणि खुर्ची सरांकडे वळवून बसली. "अहो, मणक्याचं ऑपरेशन करायचं?"

"करू या की."

"मराल त्यात."

"चालेल."

"मग नको करू या."

"नको, तेही बरंच."

"प्रशांती पुन्हा घ्यायची?"

"घेऊ."

"आणि बंद केली तर?"

"बंद करा."

अन्वयजी हळूच म्हणाले, "ही समत्वबुद्धी आहे." कुणी मान हलवली नाही.

वृषालीनं आवाज चढवला नाही. "मी तुम्हाला सोडून चालले. कायमची. आज संध्याकाळी."

"जा. सुखी राहा." सर प्रेमळ हसले.

केतकी मागच्या खुर्चीत बसली होती. ती ताडकन उठून उभी राहिली.

"अंतिम सामना आहे," वृषाली म्हणाली. "शेवटचं मिनिट. स्ट्रायकर दोन हात ऑफसाइड आहे, बॉल जाळीत गेलाय. गोल द्यायचा?"

"द्यायचा की. खेळतायत बिचारी."

डॉ. मुजावरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी दहावीत असताना या माणसानं माझा गोल नाकारला होता," ते म्हणाले. "चार बोटांनी ऑफसाइड होतो. अख्ख्या पेठेनं त्यांच्यावर दगड मारले, तरी दिला नाही." ते ट्रस्टी बाईंकडे वळले. "मॅडम, याला संमती म्हणत नाहीत. जो कशालाच नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होकाराला काय किंमत? माझ्या वॉर्डातल्या प्रत्येकाचा होकार मी असाच घेतलाय. मलाच आत्ता लाज वाटतेय."

समितीनं चहा मागवला, आपसात कुजबुजली, आणि सरांची पुढची पाळी पुढं ढकलली. सर्वांसाठी नियम बदलण्याचा विचार नंतर करू, असंही म्हणाली. तो 'नंतर' कधी येतो ते वृषालीला माहीत होतं.

सर परत आले ते हळूहळू. आधी चहा पांचट लागला. मग खिडकीतल्या उन्हाचा त्रास झाला. एका सकाळी त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मांडीवर मूठ मारली, पुन्हा मारली, आणि असा आवाज काढला की नर्स धावत आल्या. वृषालीनं त्यांना दोन्ही हातांनी धरलं.

"का आणलंस मला परत?" ते तिच्या खांद्यात तोंड खुपसून ओरडले. "बरा होतो की मी! काय वाईट चाललं होतं तुझं?"

तिचं मनगट त्यांच्या मुठीत होतं आणि दुखत होतं. तिला तेवढं पुरेसं होतं.

केतकी दारात उभी होती. आठ दिवस ती बापाच्या नजरेसमोर आली नव्हती. सरांनी तिला पाहिलं.

"हिला कुणी बोलावलं?"

"बाबा, तुम्हीच कॉल केला होतात. माफ केलं म्हणालात."

"मी?" सरांचा आवाज चढला. "मी माफ केलं म्हणालो? पवाराच्या पोरीला उभी केली मी गोलात, जिनं कधी हातमोजे घातले नव्हते! चार गोल खाल्ले! साऱ्या मैदानासमोर रडली ती पोरगी. आणि तू मुलाखत देत बसली होतीस. माफ करतोय!"

केतकीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तो लाल रंग वृषालीनं ओळखला. दोन्हीकडून आलेला होता.

"एकदा तरी विचारलंत का," केतकी म्हणाली, "एकदा तरी, की तुला खेळायचंय का? सहा वर्षांची होते मी, तेव्हापासून चिखलात आडवी पाडलीत मला!"

"उत्तम खेळायचीस म्हणून पाडली!"

"मला आवडत नव्हतं!"

बाजूच्या पलंगांवरची शांत माणसं मंद हसत या दोघांकडे पाहत होती. नर्सनं आत यायचं धाडस केलं, वृषालीनं तिला हातानंच थोपवलं.

सर दमले. बराच वेळ त्यांना श्वास पुरला नाही. मग म्हणाले, "का नाही आलीस त्या दिवशी? मुलाखत तू पुढं ढकलू शकली असतीस. माहितीय मला."

बारा-तेरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. केतकी पलंगाच्या कडेला बसली.

"भीती वाटत होती," ती म्हणाली. "गोल खाल्ला तर तुम्ही काय म्हणाल याची. पोटात गोळा यायचा. दर मॅचला यायचा. त्या दिवशी उठताच येईना."

"सांगितलं नाहीस."

"तुम्हाला सांगायचं? तुम्हाला कधी कसली भीती वाटली का?"

सर आपल्या पायांकडे पाहत राहिले. "आता वाटते," ते म्हणाले. "आता तर नुसती भीतीच वाटते, केते." आणि त्यांनी तिचा हात ओढून घेतला. गालाला वगैरे लावला नाही. नुसता घट्ट धरून ठेवला, दुखेल इतका.

शस्त्रक्रियेला सरांनी नकार दिला. "टेबलावर मरायला मी काही प्रयोगाचा नमुना नाही. घरी ने." घरी त्यांनी पुढचे काही महिने काढले. खुर्चीतून मैदानावर गेले, ऑफसाइडच्या यंत्राला शिव्या दिल्या, कधी तर यंत्राच्याच बाजूनं प्रेक्षकांशी भांडले. दुखलं की ओरडून सांगायचे, त्यामुळे मुजावरांना औषध बेतणं सोपं जायचं. केतकी महिन्यातून दोनदा यायची आणि दोघं एकमेकांची उणीदुणी काढत बसायची. माफीचा विषय कुणी काढला नाही.

पाऊस संपता संपता रोग फुप्फुसात गेला. मॉर्फिननं दुखणं आटोक्यात राहायचं, पण श्वास कोंडायचा, आणि त्याबरोबर भीती यायची. डोळे मोठे व्हायचे, हात हवेत काहीतरी शोधायचे. मुजावरांनी गुंगीचं औषधही देऊन पाहिलं. जाग आली की तेच.

एका सकाळी चहाचे दोन घोट घेऊन सर म्हणाले, "ते यंत्र लावायचं म्हणतोय."

वृषालीच्या कपाळाची शीर उडाली. "त्या अनवाण्याच्या दारात पुन्हा?"

"तू विचार प्रश्न. विचार."

तिनं विचारले. ऑपरेशन? "केव्हाच नाही म्हटलंय." मी सोडून गेले तर? "तंगडी तोडीन." ऑफसाइडचा गोल? सरांनी एक अस्सल कोल्हापुरी शिवी दिली.

"मग कशाला जायचं?" तिनं विचारलं.

"भिऊन काही करता येत होतं तोवर भ्यालो," सर थांबून थांबून म्हणाले. "आता भिऊन करायचं काही उरलं नाही. नुसतं घुसमटतंय. आणि तू बघत बसतेस."

ती उठून स्वयंपाकघरात गेली, ओट्याला धरून उभी राहिली. त्या खोलीचा, त्या तानपुऱ्याचा, त्या झब्ब्याचा तिटकारा तिच्या मनात रतीभरही कमी झालेला नव्हता. पण ती समितीपुढं भांडली होती ती यांच्या 'हो' आणि 'नाही'साठी. 'नाही' तेवढं खरं आणि 'हो' खोटं, असं तिला म्हणता येत नव्हतं. तिनं केतकीला फोन केला. केतकी रात्रीच्या बसनं आली. दिवसभर तिघं जण घरीच होती. कोण काय बोललं ते त्या तिघांतच राहिलं.

प्रशांती कक्षाच्या दारात अन्वयजी उभे होतेच. चेहऱ्यावर तेच फासलेलं.

"ताई, शेवटी आलातच ना?"

"मी आलेली नाही," वृषाली म्हणाली. "हे आलेत. वाटेतून सरका."

तिनं खुर्ची उंबऱ्यापर्यंत नेली. सरांनी हात वर करून तिला थांबवलं आणि जवळ बोलावलं. बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"तू आत येऊ नको. इथंच थांब. आणि रडू नको, ऐक. रागानं बघ माझ्याकडे. नेहमी बघतेस तशी."

तिनं पाहिलं. भुवया आवळून, ओठ मिटून, जर्नल फेकण्याआधी पाहायची तशी. सरांनी ते पोटभर बघून घेतलं.

"असलीच आवडलीस," ते म्हणाले. "जातो." मग केतकीनं खुर्ची आत नेली.

थोड्या वेळानं जे गृहस्थ बाहेर आले ते शांत होते. ते खिडकीकडे पाहून हसले, अन्वयजींकडे पाहून हसले, तिच्याकडे पाहूनही हसले. ती पुढं झाली, त्यांचं तोंड पुसलं, अंगावरची शाल नीट केली. पुढचे थोडे दिवस तिनं त्यांचं सगळं केलं. कूस बदलली, चमच्यानं पेज भरवली, श्वास अडखळला की पाठीवर हात फिरवला. घरी आलेल्या परक्या पाहुण्याचं करावं तसं, कसूर न ठेवता. त्यांचा शेवटचा श्वास गेला तेव्हा केतकी मोठ्यानं रडली. वृषालीचं रडून झालेलं होतं. सर आत गेले त्या दिवशीच ती कक्षाबाहेर, बंद दाराकडे पाहत रडली होती, आणि अन्वयजींनी पुढं केलेला रुमाल तिनं घेतला नव्हता.